आधी चर्च, मग पाद्री

प्रश्न : मुलाकडे अमेरिकेत ओरेगनला गेलो असताना सेंट पॉल नावाच्या लहानशा गावातलं विटांचं जुनं चर्च पाहिलं. तिथलं पहिलं चर्च १८३६चं म्हणतात, पण पाद्री आले १८३९मध्ये! मधल्या काळात ते चर्च कोण चालवत होतं? आणि आजची इमारत तरी मूळची आहे का?

उत्तर : कोणीच नाही. पाद्र्याची वाट पाहत ते उभं होतं.

ओंडक्यांचं ते चर्च बांधलं हडसन्स बे कंपनी या कातड्यांचा व्यापार करणाऱ्या ब्रिटिश कंपनीच्या निवृत्त फ्रेंच-कॅनेडियन नोकरांनी. बीव्हर या पाणथळ जागी राहणाऱ्या प्राण्याच्या कातड्यांमागे नद्यानाले तुडवण्यात यांची उमेद सरलेली. करार संपला की नोकराला कॅनडात परत पोहोचवायचं, असा कंपनीचा नियम. पण यांच्या बायका इथल्याच आदिवासी जमातींतल्या, मुलंबाळं इथलीच. त्यांना टाकून जायचं कुठे? फोर्ट व्हँकूव्हर या कंपनीच्या कोलंबिया नदीवरच्या ठाण्याचे प्रमुख डॉ. जॉन मॅक्लॉक्लिन यांनी पक्की कारकुनी पळवाट काढली. नावं कंपनीच्या वहीत तशीच ठेवली आणि माणसांना विलामेट नदीकाठी शेती करू दिली. (डॉक्टरांची पत्नीही मिश्र वंशाची होती, हे ध्यानात घ्या.) सेंट पॉलच्या परिसरातली ‘फ्रेंच प्रेअरी’ ही वस्ती वसली ती अशी.

जमीन मात्र इथल्या मूळच्या कालापूया आदिवासींची. १८३०नंतरच्या तीन-चार वर्षांत हिवतापाच्या साथीने त्यांच्या वस्त्याच्या वस्त्या ओस पाडल्या, म्हणून गव्हासाठी एवढं मोकळं रान मिळालं. हे गाळून या चर्चचा इतिहास सांगणं मला पटत नाही.

शेती मार्गी लागल्यावर घरोघरी दुसरी चिंता सुरू झाली. पाद्री नाही, तर धर्माच्या लेखी लग्न नाही. १८३४ आणि १८३५मध्ये त्यांनी दूर कॅनडातल्या रेड रिव्हर वसाहतीतल्या बिशप प्रोव्हेंचर यांच्याकडे पाद्र्यासाठी अर्ज धाडले, आणि उत्तराची वाट न बघता चर्च बांधून मोकळे झाले. घोडं अडलं कंपनीपाशी. पाद्री येणार तिच्याच होड्यांतून, तिच्याच मर्जीने. आणि तिची अट होती की मिशन कोलंबिया नदीच्या उत्तरेलाच हवं. या मुलखावर तेव्हा ब्रिटन आणि अमेरिका दोघेही हक्क सांगत होते, आणि नदीच्या दक्षिणेकडचा भाग अमेरिकेकडे जाईल अशी तिला धास्ती होती. विलामेट नेमकी दक्षिणेला!

अखेर नोव्हेंबर १८३८मध्ये फादर फ्रँस्वा ब्लाँशे आणि फादर मोदेस्त देमेर फोर्ट व्हँकूव्हरला पोहोचले. ब्लाँशे यांनी ६ जानेवारी १८३९ला या चर्चमध्ये पहिली मिस्सा (कॅथलिकांचा मुख्य उपासनाविधी) केली. मग बाप्तिस्मे झाले, लग्नं लागली. काही जोडप्यांची तर मुलं हाताशी आलेली असताना! पाद्र्यांना इथे कायम राहण्याची कंपनीची परवानगी मात्र त्याच वर्षी पुढे मिळाली.

तुम्ही पाहिलंत ते विटांचं चर्च १८४६चं. त्याच वर्षी जूनमध्ये ब्रिटन-अमेरिका करार होऊन हा भाग अमेरिकेचा झाला. गंमत म्हणजे ब्लाँशे तेव्हा तिथे नव्हतेच. ते युरोपात मिशनसाठी माणसं आणि पैसा जमवत होते.

आता तुमचा दुसरा प्रश्न. २५ मार्च १९९३च्या ५.६ तीव्रतेच्या भूकंपात चर्चची मोठी पडझड झाली. ते पुन्हा बांधून, मजबूत करून १९९५मध्ये खुलं झालं. म्हणजे जागा आणि घाट १८४६चा, पण बांधकामातला बळकटपणा विसाव्या शतकातला. मी तरी त्याला जुनं चर्चच म्हणेन. तज्ज्ञांनी खुशाल वाद घालावा.

ब्लाँशे यांची कबरही सेंट पॉलच्याच दफनभूमीत आहे. पुन्हा गेलात तर तिथेही डोकावून या.