नऊ हजारांची तांबी महाग की स्वस्त?

प्रश्न: मी 29 वर्षांची. नाशिकला सात माणसांच्या ऑफिसात अकाउंट्स बघते, पगार 26,000. नवऱ्याचा 34,000. घराचा हप्ता 21,000, म्युच्युअल फंडाची दरमहा एसआयपी 5,000. मुलगी दोन वर्षांची. दुसरं मूल हवं, पण चार वर्षांनी. गेल्या महिन्यात पाळी लांबली आणि दोघांची झोप उडाली. डॉक्टरांनी हार्मोनची तांबी (गर्भाशयात बसवायचं गर्भनिरोधक साधन) सुचवली आहे, खर्च 9,000. नवरा म्हणतो, निरोध स्वस्त पडतो. पहिलं सिझर 85,000 ला पडलं होतं. दोन महिने एसआयपी थांबवून तांबी बसवू का?

उत्तर: बसवा. पण एसआयपीला हात लावण्याआधी डॉक्टरांना विचारा, साधी कॉपरची तांबी चालेल का? सरकारी रुग्णालयात ती फुकट बसते आणि 10 वर्षांपर्यंत काम करते. पाळीत अंगावरून फार जात असेल तर मात्र बहुधा हार्मोनचीच बरी, आणि मग 9,000 द्यायला कचरू नका. पाच वर्षांत विभागले तर महिन्याला 150 रुपये.

निरोध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो, म्हणजे खरेदीच्या हिशोबात तुमचे यजमान बरोबर आहेत. घोळ पुढे आहे. रोजच्या वापरात निरोधावर विसंबलेल्या 100 जोडप्यांपैकी साधारण 13 जणींना वर्षभरात दिवस जातात, तांबीत एखादीलाच. आता हे 85,000 च्या सिझरला लावा. निरोधाची जोखीम वर्षाला 11,000 च्या घरात जाते, तांबीची हजाराच्याही आत. (संसर्गापासून बचाव फक्त निरोधच करतो, हे वेगळं.)

आणि यात तुमचा पगार धरलेलाच नाही. नवरे मंडळी हिशोब करताना तो हमखास विसरतात! 26 आठवड्यांच्या पगारी रजेचा कायदा 10 किंवा जास्त माणसांच्या आस्थापनांना लागू होतो. तुमचं ऑफिस सातांचं. मालक भला असेल तर ठीक, नाहीतर सहा महिन्यांचे 1,56,000 गेले. सिझर धरून 2,41,000. त्यात हप्ता काही थांबत नाही.

विम्यावर भिस्त ठेवू नका. साध्या वैयक्तिक पॉलिसीत बाळंतपण, गर्भपात आणि गर्भनिरोधन तिन्ही वगळलेली असतात; बाळंतपणाचं कव्हर वेगळं घेतलं तरी प्रतीक्षा काळ असतो. नवऱ्याच्या कंपनीची ग्रुप पॉलिसी असेल तर ती तेवढी वाचून घ्या.

साधनं फसल्यास 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने गर्भपात कायदेशीर आहे, नवऱ्याची सही लागत नाही. हक्क माहीत असावा, पण त्यावर बजेट बांधू नये.

तांबी बसली की एसआयपीचे 5,000 आवर्ती ठेवीत वळवा. चार वर्षांत लागणारा पैसा शेअर बाजारात नको. 48 महिन्यांत व्याज सोडून 2,40,000 होतात. तेवढे जमले की तांबी काढायला डॉक्टरांची वेळ घ्या.