पदनाम राहू द्या, काम मराठीत सांगा

प्रश्न : माझा भाचा गोव्यातील एका हॉटेलात नोकरीला आहे. आमच्या मंडळाच्या वार्षिकांकासाठी त्याच्याविषयी लिहिताना मी ‘तो एफ अँड बी डिपार्टमेंटमध्ये स्टुअर्ड असून गेस्टना सर्व्ह करणे, ऑर्डर हँडल करणे ही त्याची ड्यूटी आहे’ असे लिहिले. संपादकांनी ‘मराठीत लिहा’ असा शेरा मारून लेख परत केला. ‘वाढपी’ लिहावे, तर भाच्याला ते कमीपणाचे वाटते. मी काय करावे?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : शेरा योग्य आहे, पण तो तुमच्या वाक्यातील सगळ्याच शब्दांना लागू होत नाही. ‘स्टुअर्ड’ हे पदाचे नाव आहे आणि खानापूरचा मराठी मुलगा, धारवाडचा कन्नड मुलगा व त्यांचा कोकणी बोलणारा व्यवस्थापक हे तिघेही ते एकाच अर्थाने वापरतात, म्हणून ते देवनागरीत जसेच्या तसे ठेवावे. खरी अडचण ‘सर्व्ह करणे’ आणि ‘हँडल करणे’ यांची आहे, कारण त्यांतून भाचा दिवसभर नेमके काय करतो हे वाचकाला कळतच नाही. टेबलाशी जाऊन काय हवे ते विचारणे, ते टिपून मुदपाकखान्यात पोचवणे, तयार झालेला पदार्थ ज्याचा त्याच्यासमोर नेऊन ठेवणे आणि शेवटी बिल आणून देणे, असे लिहिले की त्याची धावपळ डोळ्यांपुढे उभी राहते.

‘वाढपी’ मीही सुचवणार नाही. मात्र त्यात कमीपणा आहे म्हणून नव्हे. वाढपी हा पंगतीचा माणूस. सर्वांचा बेत एकच असल्यामुळे तो वरणाची बादली घेऊन पानामागून पान वाढत जातो. कोणाची मागणी त्याला टिपून घ्यावी लागत नाही. काम वेगळे, म्हणून शब्दही वेगळा. याउलट ‘आचारी’ हा शब्द आपण विनाकारण टाकून देत आहोत, असे मला मनापासून वाटते. फ्रेंच भाषेत ‘शेफ’ म्हणजे प्रमुख, त्यामुळे भाज्या चिरणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला शेफ म्हणणे मुळातच चुकीचे आहे. आणि आपल्याकडच्या लग्नघरी शिध्याची यादी देणारा, हाताखालची माणसे आणणारा आणि सगळी चूल सांभाळणारा आचारी त्या अर्थाच्या कितीतरी जवळ आहे.

लेखात हॉटेलातील ‘हाउसकीपिंग’ विभागाचा उल्लेख आला, तर त्यासाठी ‘गृहव्यवस्थापन’ लिहू नये, कारण त्याने घरसंसार आठवतो; ‘खोल्यांची व्यवस्था’ पुरे.

‘गेस्ट’साठी मात्र जरा थांबून विचार करावा. लेखात ‘ग्राहक’ किंवा ‘गिऱ्हाईक’ चालेल. ‘पाहुणा’ म्हटले की पैसे न देणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. पण आपल्या भागात अनोळखी माणसालाही ‘काय पाव्हणं’ अशी हाक मारतात, म्हणून भाच्याच्या तोंडच्या संवादात तो शब्द शोभेल.

तुमचे वाक्य मी असे लिहीन : ‘भाचा खाद्यपेय विभागात स्टुअर्ड आहे, ग्राहकांना काय हवे ते विचारून घेणे आणि ते त्यांच्यासमोर वेळेवर व नीट मांडणे हे त्याचे काम.’ भाच्याने स्वतः नोकरीसाठी मराठीत अर्ज केला, तरी पदाचे नाव जाहिरातीत असेल तेच लिहावे. अनुभवाची माहिती मात्र अशीच, क्रियापदे मराठी ठेवून द्यावी.