महासंगणक मोठा झाला, तर द्राक्षबागेला काय मिळेल?

प्रश्न : आमची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. ऐन फुलोऱ्यात अवकाळी पाऊस झाला, तेव्हा ‘जिल्ह्यात तुरळक ठिकाणी पाऊस’ एवढाच अंदाज हाती होता. पुण्यात मोठा महासंगणक असताना त्याहून कितीतरी शक्तिशाली यंत्रे उभारण्याचा आग्रह कशासाठी? नाशिकमध्ये इंजिनिअरिंग करणाऱ्या माझ्या मुलीला या क्षेत्रात जायचे आहे. तिने काय शिकावे?
— एक वाचक, निफाड

उत्तर : हा आग्रह योग्य आहे, असे आमचे मत आहे, आणि त्याचे कारण आपल्या बागेपाशीच सापडते. हवामानाचे गणित मांडताना वातावरणाचे चौकोन पाडले जातात आणि प्रत्येक चौकोनासाठी तापमान, वारा, बाष्प यांची पुनःपुन्हा आकडेमोड केली जाते. पूर्वी हे चौकोन १२ किलोमीटरचे होते, म्हणजे ओझर आणि पिंपळगाव बसवंत एकाच चौकोनात बसू शकत होते. मे २०२५ पासून वापरात आलेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ या अंदाजप्रणालीत ते ६ किलोमीटरचे झाले. गारांचा ढग मात्र अनेकदा काही किलोमीटरचाच असतो, त्यामुळे या जाळीत तो थेट दिसत नाही, त्याचा परिणाम अंदाजानेच धरावा लागतो.

चौकोनाची बाजू निम्मी केली, की चौकोन चौपट होतात आणि गणिताची वेळेची पायरीही निम्मी करावी लागते, म्हणून काम आठपट वाढते. याच हिशेबाने ६ किलोमीटरवरून १ किलोमीटरवर यायचे तर काम २१६ पट होते. शिवाय सुरुवातीची स्थिती किंचित बदलून तेच गणित अनेकदा करावे लागते, तेव्हाच पावसाची शक्यता किती, हे सांगता येते. आणि हे सारे फवारणीचा निर्णय घेण्याआधी हाती यायला हवे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत २०२४ मध्ये कार्यान्वित झालेल्या ‘अर्क’ या महासंगणकाची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप्स आहे (एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्ये इतक्या आकडेमोडी). अमेरिकेतील ‘फ्रंटियर’ या महासंगणकाने २०२२ मध्येच एक एक्साफ्लॉप (हजार पेटाफ्लॉप्स), म्हणजे ‘अर्क’च्या सुमारे ८५ पट, वेग ओलांडला. १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक घडवणाऱ्या देशाला हे अंतर कमी करणे अशक्य नाही, असे आम्हाला मनापासून वाटते.

केवळ यंत्र घेऊन मात्र भागणार नाही. ‘फ्रंटियर’ला सुमारे २० मेगावॉट वीज लागते, आणि हवामानाच्या आज्ञावली यंत्राच्या कमाल वेगाच्या जेमतेम काही टक्के वेगच गाठतात, कारण हजारो प्रोसेसरांचा बराच वेळ मेमरीतून आणि एकमेकांकडून आकडे येण्याची वाट पाहण्यात जातो. गावागावांतील स्वयंचलित हवामान केंद्रे आणि रडार यांच्याकडून अचूक नोंदी आल्या नाहीत, तर गणिताची सुरुवातच चुकते. त्यामुळे यंत्रावर जेवढा खर्च होईल, तेवढ्याच निष्ठेने नोंदी आणि आज्ञावली लिहिणारी माणसे यांवरही व्हावा.

अशी माणसे कमी आहेत, म्हणून आपल्या मुलीचा विचार आम्हाला फार मोलाचा वाटतो. तिने संख्यात्मक गणित पक्के करावे, सी आणि फोरट्रान या भाषा शिकाव्यात (हवामानाची कित्येक प्रारूपे आजही फोरट्रानमध्ये आहेत) आणि ‘एमपीआय’ (संगणकांनी आपापसांत आकड्यांची देवाणघेवाण करण्याची ठरलेली पद्धत) वापरून एकच काम अनेक संगणकांत वाटून देण्याचा सराव करावा. त्यासाठी महासंगणकाची वाट पाहण्याची गरज नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेतील चार संगणक लिनक्सवर जोडून तिला याच सत्रात सुरुवात करता येईल.