चित्र अडकलं तर कॉल थांबव

प्रिय मैत्रिणी,

वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेतला सांकेतिक भाषेच्या दुभाषाचा डिप्लोमा झाला आणि आता तू बहिऱ्या पेशंटसाठी रुग्णालयांचे व्हिडिओ कॉल घेणार, हे कळलं. फार आनंद झाला. तुझ्या खुणा स्वच्छ आहेत, त्याविषयी मला काही सांगायचं नाही. सांगायचं आहे ते कॉल थांबवण्याविषयी.

डॉक्टर घाईत असतात, बाहेर रांग असते. अशा वेळी चित्र अडकलं तरी नवा दुभाषी अंदाजाने वाक्य पुरं करून टाकतो. तू करू नकोस. "चित्र थांबलं होतं, शेवटचं वाक्य पुन्हा हवंय" हे डॉक्टरांना बोलून आणि पेशंटला खुणेने, दोघांनाही सांग. गोळी सकाळी की रात्री, हे अंदाजाने सांगायचं नसतं.

अमेरिकेत २०१० साली झालेल्या नियमांनी हे लिहूनच ठेवलंय: चित्र अडखळता कामा नये, पेशंट कसाही झोपलेला असो, त्याचा चेहरा, हात आणि बोटं स्पष्ट दिसली पाहिजेत. आपल्या २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात संवादाच्या व्याख्येत सांकेतिक भाषा आहे, सरकारी आणि खासगी रुग्णालयं अडथळामुक्त हवीत असं कलम २५ सांगतं. पण खाटेशेजारी टॅबलेट कुठे ठेवायचा, हे मात्र तुलाच सांगावं लागेल.

म्हणून पहिलं मिनिट तुझं. पेशंटच्या मागे खिडकी असेल तर नुसती काळी आकृती दिसते, स्टँड फिरवायला सांग. सलाईन कोणत्या हाताला लावणार, हे सिस्टरना आधीच विचार. खुणा करायचा मुख्य हात बांधला गेला तर माणसाचं बोलणंच अर्धं होतं. शक्य तिथे डॉक्टरांना मास्क खाली घ्यायची विनंती कर. तुझं भाषांतर चालू असलं तरी पेशंट डॉक्टरांचा चेहराही वाचत असतो. एमआरआयच्या खोलीत टॅबलेट जात नाही. तेव्हा आत जाण्यापूर्वीच "श्वास रोखा", "हलू नका", "त्रास होतोय" यांसाठी कोणत्या खुणा किंवा स्पर्श वापरायचे, ते पेशंट आणि टेक्निशियन यांच्यात ठरवून दे.

आणखी एक, आणि मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: पेशंटचं बोलणं सावरून सांगू नकोस. पक्षाघाताच्या पेशंटचा एक हात ढिला पडतो, खुणा अर्धवट होतात. आपला मेंदू सवयीने त्या पुऱ्या करतो आणि तोंडातून सुबक मराठी वाक्य बाहेर पडतं. डॉक्टरांना वाटतं, भाषा शाबूत आहे! तिथे "उजव्या हाताच्या खुणा अस्पष्ट आहेत, मला नीट कळत नाहीत" असंच सांगायचं. मानसोपचाराच्या कॉलवरही तेच. खुणा तुटक, असंबद्ध असतील तर वाक्यं तशीच जाऊ देत, निदान त्यावरच होणार असतं.

सोबत आलेली मुलगी म्हणेल, "मी सांगते आईला." तिला प्रेमाने बाजूला बसव. आईच्या कॅन्सरची बातमी आईला देण्याचं ओझं लेकीवर टाकू नये, आणि लेक त्यातलं काय गाळेल याचा नेम नसतो.

काही पेशंट शाळेत गेलेले नसतात, त्यांच्या खुणा घरच्या घरी तयार झालेल्या असतात. तिथे पडद्यावरची तू एकटी पुरणार नाहीस. अशा खुणा समजून घेणारा बहिरा दुभाषी मागव. बाळंतपण असेल, वाईट बातमी असेल, पेशंटला दिसतही कमी असेल, तर "इथे प्रत्यक्ष माणूस हवा" असं स्पष्ट बोल. कॉल पुरवणाऱ्या कंपनीला हे आवडेलच असं नाही. तरीही बोल. तालुक्याच्या गावी रात्री दोन वाजता दुसरा पर्यायच नसतो, तेव्हा स्क्रीन हाच मोठा आधार आहे, हेही मला पटतं. पण म्हणून ती सगळीकडे चालवून घ्यायची नाही.

लांबलेल्या कॉलवर जोडीला दुसरा दुभाषी माग. थकल्यावर आपल्या हातून काय सुटतं ते आपल्याच लक्षात येत नाही.

शब्दांसाठी दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा केंद्राचा कोश बघत जा. २०२१च्या आवृत्तीत दहा हजार शब्द आहेत, वैद्यकीयही आहेत. मात्र बायोप्सी, डायलिसिस, गर्भाशय यांच्या खुणा पुण्या-कोल्हापुरातल्या बहिऱ्या बायकांकडूनच पक्क्या करून घे. अडलेल्या शब्दांची यादी कर, पेशंटचं नावगाव त्यात नको. रविवारी व्हिडिओवर ती घेऊन बसू.

तुझी,
ताई