स्वयंसेवकांच्या सेमिनारमध्ये "छान वाटलं"च्या पुढे कसं जायचं?

स्वयंसेवक म्हणून काम करणाऱ्या कॉलेजच्या मुलांना त्या कामाबद्दल बोलतं करायला तुम्ही सेमिनार घेता, त्याबद्दलचा तुमचा प्रश्न वाचला. मुलं आठवडाभर मन लावून काम करतात आणि सेमिनारला बसवलं की "छान वाटलं, खूप शिकायला मिळालं" एवढं बोलून गप्प, मग उरलेला वेळ तुम्हालाच बोलत बसावं लागतं. मी बरीच वर्षं याच वयाच्या बॅचेस घेतेय, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

मुलांकडे सांगायला काही नसतं असं अजिबात नाही, आपण विचारतोच असं की उत्तर 'छान' हेच येणार. "अनुभव कसा होता", "काय शिकलात" हे प्रश्न आधी बंद करा. काय शिकलो हे त्यांना अजून कळलेलंच नसतं, ते शोधायलाच तर बसलोय ना आपण. त्याऐवजी या आठवड्यातला एकच छोटा प्रसंग मागा आणि आधी पाच मिनिटं कागदावर लिहू द्या. मत नको, कोण काय म्हणालं, मग काय झालं, एवढंच.

टेरी बॉर्टन नावाच्या शिक्षकाने १९७० मध्ये मांडलेले तीन प्रश्न अशा चर्चा घेणारे बरेच जण वापरतात: काय झालं, त्याचा अर्थ काय, आता पुढे काय. अडचण अशी की पहिल्यावर दोन मिनिटं घालवून सगळे तिसऱ्यावर उडी मारतात. मी निम्मा वेळ तरी पहिल्यालाच देते.

एक उदाहरण देते. वृद्धाश्रमात जाणारी एक मुलगी म्हणाली, तिथल्या एक आजी माझ्याशी नीट बोलतच नाहीत. लगेच गटाचे सल्ले सुरू, गाणी म्हण, काहीतरी घेऊन जा वगैरे. ते मी थांबवलं आणि विचारलं, तू गेलीस तेव्हा त्या काय करत होत्या? खिडकीशी बसल्या होत्या. तू काय म्हणालीस? "आजी चला, आपण खेळू." त्या? "नको." मग? "मग मी परत म्हटलं, चला ना." यावर कोणी काही बोलेना, मीही बोलले नाही, आणि मग कोपऱ्यातल्या एका मुलाने विचारलं की जायची वेळ कोणी ठरवली होती? अर्थातच आपल्या सोयीने ठरली होती. तिथून चर्चा जी सुरू झाली ती उठायची वेळ, जेवणाची वेळ, आंघोळीची वेळ सगळं दुसरेच ठरवतात, मग त्या आजींना दिवसभरात 'नको' म्हणायची संधी कुठे मिळते, इथपर्यंत गेली. पुढच्या वेळी तिने आधी विचारलं, कधी येऊ? आजी म्हणाल्या सकाळी ये, आणि सकाळी हिचं कॉलेज! तो तिढा आम्ही पुढच्या सेमिनारला घेतला.

शांततेला घाबरू नका. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षण-संशोधक, त्यांनी वर्गांचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एकच सेकंद थांबतात, आणि तेच ३ सेकंद किंवा जास्त थांबले तर उत्तरं लांबतात, एरवी न बोलणारी मुलंही बोलतात. मी मनातल्या मनात दहा आकडे मोजते.

इव्हान इलिच या विचारवंताने १९६८ मध्ये मेक्सिकोत काम करायला निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांना तोंडावर सांगितलं होतं की तुमचे चांगले हेतू घेऊन इथे येऊ नका. हे मी जरूर चर्चेला घेते, पण अर्धं काम झाल्यावर. सुरुवातीलाच घेतलं तर मुलं नुसती अपराधी वाटून घेतात आणि खरं बोलणं बंद होतं. काही जण चिडतात, चिडू द्या, पण जिथे काम करतो तिथलं कोणीतरी त्या दिवशी बोलवा, कौतुक करायला नाही, मुलांच्या कामाचा त्यांना काय ताप होतो ते सांगायला. त्यांचा वेळ जातो, तर शक्य असेल तिथे मानधन द्या.

बाकी किरकोळ गोष्टी. हजेरी, प्रवास, फॉर्म यांच्या तक्रारी शेवटच्या दहा मिनिटांत घ्या, नाहीतर त्याच सगळा वेळ खातात. लाभार्थ्यांची खरी नावं गटात घ्यायची नाहीत. कोणाला रडू आलं तर सगळ्यांसमोर खोदून विचारू नका, नंतर बाजूला बसून बोला. आणि गट पंधराच्या वर गेला तर सरळ दोन करा, एवढ्या जणांत लाजरी मुलं बोलत नाहीत म्हणजे नाहीत.