वाचक विचारतात : यादीत आहे, मग कपाटात का नाही?

आधी देवघेव काउंटर, मग संदर्भ विभाग, अशी माझी सगळी नोकरी ग्रंथालयात गेली. त्यामुळे सार्वजनिक ग्रंथालयाबद्दलची पत्रं आली की संपादक ती माझ्याकडे सरकवतात. या वेळचा गठ्ठा जाड होता. त्यातली निवडक पत्रं घेते. बाकीच्यांनी रागावू नये, बहुतेकांचं उत्तर पहिल्याच पत्रात सापडेल.

ताई, संगणकावरच्या यादीत पुस्तक ‘उपलब्ध’ दिसतं आणि कपाटापाशी गेलं की ते जागेवर नसतं. दर वेळी हात हलवत परत येतो. या यादीवर विश्वास ठेवायचा की नाही?

यादीवर ठेवा. हात हलवत परत येणं मात्र बंद करा.

‘उपलब्ध’ म्हणजे ते पुस्तक या घडीला कुणाच्या नावावर नाही, एवढंच. ते कपाटात आहे असं यादी कुठेच म्हणत नाही. ते नुकतंच परत आलेल्यांच्या ढिगात असेल, ट्रॉलीवर असेल, बांधणीसाठी बाजूला काढलेलं असेल, वाचनकक्षात कुणाच्या तरी कोपराखाली असेल. किंवा भलत्याच जागी लागलेलं असेल. हे शेवटचं दुखणं सगळ्यांत मोठं आणि ते बहुतेक वेळा वाचकांनीच केलेलं असतं. पुस्तक काढायचं, चाळायचं आणि जिथे फट दिसेल तिथे खुपसायचं! चुकीच्या जागी लागलेलं पुस्तक हरवल्यातच जमा. ‘चाळलेली पुस्तके टेबलावरच ठेवावीत’ ही पाटी आम्ही त्यासाठीच लावतो. शिवाय कोणतं पुस्तक घरी न नेता इथेच वाचलं जातं, ते या टेबलावरूनच आम्हाला कळतं.

काउंटरवर येण्याआधी एक गोष्ट स्वतः तपासा. पुस्तकाच्या कण्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर वर्गांक असतो, म्हणजे विषयानुसार पुस्तकाला दिलेला आकडा. बऱ्याच ग्रंथालयांत तो अमेरिकन ग्रंथपाल मेल्विल ड्यूई यांनी १८७६ साली छापलेल्या दशांश पद्धतीतला असतो. यातला ‘दशांश’ महत्त्वाचा. गुरू ग्रहाचा वर्गांक ५२३.४५ आणि ताऱ्यांचा ५२३.८. पंचेचाळीस आठाहून मोठे, म्हणून लोक ताऱ्यांच्या पुढे जाऊन गुरू शोधतात आणि सूर्यमालेच्या बाहेर पडतात. टिंबानंतरचे अंक एकेक करून वाचायचे : आधी चार, मग पाच. चार आठाच्या आधी, म्हणून गुरू ताऱ्यांच्या आधी. मराठी साहित्याचा वर्गांक ८९१.४६. पुढे १ लागला की कविता, २ लागला की नाटक, ३ लागला की कथा-कादंबरी. अर्थात कथा-कादंबऱ्या वर्गांक न घालता नुसत्या लेखकाच्या नावाने लावणारी ग्रंथालयंही भरपूर आहेत. तेव्हा कपाटाच्या कडेची पाटी आधी वाचा.

आणि विषय एक असला तरी कपाट एकच असेल असं धरून चालू नका. लांडगा आणि कोल्हा प्राणिशास्त्रात, ५९९.७७ ला. घरचा कुत्रा पशुपालनात, ६३६.७ ला. भाऊबंद असले तरी चुली वेगळ्या.

एवढं करूनही मिळालं नाही, तर काउंटरवर या आणि नेमकं कशासाठी हवंय ते सांगा. पुस्तकाच्या नावापेक्षा त्यामागचं काम कळलं तर आम्हाला जास्त सोपं जातं. एकदा एक गृहस्थ ‘कायद्याची पुस्तकं कुठे आहेत?’ विचारत आले. कायद्याची कपाटं मोठी, म्हणून मी विचारलं, कुठला कायदा? ते घुटमळले. बोलता बोलता कळलं, की त्यांच्या न्हाणीघराच्या छतातून पाणी झिरपतंय आणि वरच्या मजल्यावरचे शेजारी म्हणतायत, आमचा काही संबंध नाही. त्यांना आधी हवं होतं इमारत दुरुस्तीचं पुस्तक, पाणी कुठून कसं उतरतं हे आकृत्यांसह दाखवणारं. ते घेऊन गेले. कायद्याचं पुस्तक मागायला पुन्हा आले नाहीत. भांडण मिटलं की पेटलं, देव जाणे!

पुस्तक आमच्याकडे नसेलच तर तीन वाटा उरतात. दुसऱ्या वाचकाकडे असेल तर आरक्षण करा, परत आलं की तुमच्यासाठी बाजूला ठेवतील. दुसऱ्या ग्रंथालयात असेल तर आंतरग्रंथालयीन देवघेवीत मागवता येतं का ते विचारा. ही सोय सगळीकडे नसते आणि असली तरी कुणी आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं. कुठेच नसेल तर खरेदीसाठी सुचवा. सूचनावहीत नुसतं ‘चांगली पुस्तके घ्यावीत’ लिहून उपयोग नाही. लेखक, प्रकाशक, वर्ष, सगळं लिहा. ‘प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक’ आणि ‘वाचकाचा वेळ वाचवा’ ही भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी दोन. प्रत्येक ग्रंथपाल ती परीक्षेसाठी पाठ करतो. त्यांची आठवण करून द्यायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

वर्गणी न भरता नुसतं बसून वाचलं तर चालतं का? कुणी हटकेल म्हणून संकोच वाटतो.

पुष्कळ ठिकाणी चालतं. वर्तमानपत्रं आणि मासिकं तर त्यासाठीच मांडलेली असतात. सार्वजनिक ग्रंथालयाची सेवा तत्त्वतः मोफत असावी असं युनेस्कोच्या जाहीरनाम्यात म्हटलंय, १९९४ च्या आवृत्तीत आणि २०२२ च्या सुधारित आवृत्तीतही. नियम मात्र जागोजागी निराळे, तेव्हा दारातच विचारून घ्या. फक्त अभ्यासासाठी स्वतःची पुस्तकं घेऊन बसणार असाल तर तेही विचारा. काही ग्रंथालयांत त्याची खोली वेगळी असते आणि परीक्षा जवळ आल्या की तिथे जागेवरून चांगलीच जुंपते.

ताई, माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे. स्वतःच्या कार्डावर काहीबाही घेऊन येतो आणि खोलीचं दार लावून वाचतो. त्याने आजवर काय काय नेलं, त्याची यादी ग्रंथालयातून कशी मिळेल?

मला विचाराल तर मिळू नये.

कोण काय वाचतं हे तिसऱ्याला न सांगणं हा आमच्या धंद्याचा जुना दंडक आहे. अमेरिकन ग्रंथालय संघाने १९३९ साली केलेल्या आचारसंहितेतसुद्धा वाचकाची खासगी माहिती गुप्त ठेवण्याचं कलम आहे. बऱ्याच नव्या प्रणालींत तर पुस्तक परत झालं की वाचकाचं नाव त्या नोंदीपासून तोडून टाकायची सोय असते. ती सुरू असेल तर यादी आमच्याकडेही उरत नाही. लहान मुलाच्या कार्डावर पालकांची सही असते, त्याची गोष्ट वेगळी आणि त्याचे नियमही ठिकठिकाणी वेगळे. पण सोळा म्हणजे काही लहान नाही.

मी जे पाहिलं ते सांगते. वयात येण्याविषयीची पुस्तकं आमच्याकडे कायम जागेवर असायची, नोंदवहीत त्यांच्या नावावर फारशी देवघेव नसायची, आणि तरी पानं मात्र मळून मऊ झालेली. मुलं-मुली कपाटाच्या आडोशाला उभ्याउभ्या वाचत. काउंटरवर आणून माझ्यासमोर ठेवण्याची कुणाची छाती होत नसे. पुढे वाचकांनी स्वतः नोंद करायचं यंत्र बसलं आणि तीच पुस्तकं घरी जाऊ लागली. आपल्याकडे कुणी बघत नाही एवढी खात्री त्यांना पुरली. तुमचा मुलगा तर पुस्तक उघडपणे घरी आणतोय! जेवताना विचारा, सध्या काय चाललंय वाचन. सांगेल किंवा खांदे उडवेल. खांदे उडवले तर चार दिवसांनी पुन्हा विचारा.

ई-पुस्तकाला प्रतीक्षायादी? संगणकातली फाइल काय झिजते? ही निव्वळ अडवणूक वाटते.

अडवणूक आहे, पण ती ग्रंथालयाची नाही. छापील पुस्तक विकत घेतलं की ते ग्रंथालयाच्या मालकीचं होतं, फाटेपर्यंत फिरवा. ई-पुस्तक बहुधा विकत मिळत नाही, वापरण्याचा परवाना मिळतो. सर्रास आढळणारी अट अशी, की एका परवान्यावर एका वेळी एकच वाचक. तुमच्या आधीच्याची मुदत संपेपर्यंत फाइल तुम्हाला उघडत नाही. काही परवाने ठरावीक काळाने आपोआप संपतात. २०११ साली हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने तर २६ वेळा दिलं गेलं की ई-पुस्तकाचा परवाना संपेल असं जाहीर केलं, तेव्हा ग्रंथपालांनी बराच आरडाओरडा केला होता. तेव्हा तुमची ‘फाइल काय झिजते’ ही शंका जागेवर ठेवून सांगते : तशी झिजत नाही, करारात झिजवतात.

तुमच्या हातात एवढंच, की वाचून झालं की मुदतीची वाट न बघता लगेच ‘परत’ करा. पुष्कळांना हे बटण असतं हेच माहीत नसतं. आणि यादीत नाव घालताना छापील प्रत कपाटात आहे का तेही बघा. फोनवर पन्नासजण रांगेत आणि खाली कपाटात तेच पुस्तक धूळ खातंय, हे दृश्य दुर्मिळ नाही.

ग्रंथालयाच्या पुस्तकावर पाण्याचा अख्खा तांब्या सांडला. बहीण म्हणते उन्हात वाळव आणि फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लाव, कुणाला कळणार नाही. काय करू?

बहिणीचं ऐकू नका. दोन्ही बाबतींत.

उन्हात पानांना लाटा येतात, पुठ्ठा वाकतो. केस वाळवायचं यंत्र त्याहून वाईट. ओली पानं एकमेकांपासून ओढून सोडवू नका, ओला कागद बोटाला लागून येतो. पुस्तक नुसतं दमट असेल तर उभं करा, पानं पंख्यासारखी अलगद पसरा आणि खोलीतला पंखा लावा, झोत थेट पुस्तकावर नको. जास्त भिजलं असेल तर थोड्याथोड्या पानांनंतर कोरा, टिपणारा कागद घाला आणि तो बदलत राहा. वर्तमानपत्र नको, त्याची शाई उतरते. पानं जवळजवळ सुकली की मगच मिटून वजनाखाली ठेवा. घाई करायला हवी, कारण दोन दिवसांत बुरशी धरू शकते. तेवढ्यात जमणार नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवा. हसू नका, मोठमोठी ग्रंथालयंसुद्धा पुरात भिजलेली पुस्तकं गोठवून ठेवतात आणि सवडीने सुकवतात. एक मात्र आहे, गुळगुळीत चकचकीत कागदाची पानं ओलेपणीच एकमेकांना चिकटून बसली आणि तशीच सुकली, तर मग ती सुटत नाहीत.

चिकटपट्टीचा डिंक वर्षा-दोन वर्षांत पिवळा पडायला लागतो, पट्टी गळून पडते आणि डाग तेवढा कागदात उरतो. दुरुस्ती आम्हाला करू द्या.

आणि कळवा. लपवून परत केलेलं ओलं पुस्तक शेजारच्या पुस्तकांनाही बुरशी लावतं. भरपाई मागितली तर नवी प्रत आणण्याआधी विचारा, पैसे घेतात की प्रत. प्रत आणणार असाल तर मलपृष्ठावरचा आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, जुळवून घ्या. २००७ पासून तो १३ अंकी आहे. कापडी बांधणीचा आणि साध्या बांधणीचा आयएसबीएन वेगळा असतो, त्यामुळे नाव तेच दिसलं तरी आवृत्ती तीच असेल असं नाही.

वडिलांच्या पश्चात त्यांची सगळी पुस्तकं ग्रंथालयाला द्यायला गेलो, तर ‘आधी यादी आणा’ म्हणाले. फुकट देतोय तर त्यातही नखरे? मन दुखावलं.

दुखावलं असणारच. वडिलांचा हात लागलेली पुस्तकं आहेत ती. पण समोरच्या माणसाची बाजूही ऐका. दान आलेलं प्रत्येक पुस्तक दाखल करायचं, त्याला वर्गांक द्यायचा, चिठ्ठी लावायची, जागा करायची. जागा करायची म्हणजे दुसरं काहीतरी काढायचं. पाठ्यपुस्तकांच्या जुन्या आवृत्त्या, कालबाह्य झालेली संगणक आणि औषधांची पुस्तकं, मासिकांचे सुटे अंक, हे बहुतेक कुणालाच नको असतं. जुनं औषधांचं पुस्तक तर कपाटात ठेवणंच धोक्याचं. आणि कसर लागलेली एक पिशवी आत आली की ती कसर आमच्या कपाटांतही शिरते.

तेव्हा यादी कराच. लेखक, नाव, प्रकाशनवर्ष, पानं सगळी आहेत का, एवढं पुरे. वडिलांनी समासात काही लिहिलं असेल, स्थानिक इतिहासाचं काही जमवलं असेल, एखाद्या संस्थेच्या स्मरणिका, जुने अहवाल, कात्रणांच्या वह्या असतील, तर त्या वेगळ्या काढा आणि वेगळ्या दाखवा. दुकानात न मिळणारं ते हेच. यातलं काही घ्यायला एखादा ग्रंथपाल कदाचित स्वतः घरी येईल. कादंबऱ्यांसाठी येणार नाही. देताना मात्र ‘सगळी एकाच कपाटात, वडिलांच्या नावाची पाटी लावून ठेवा’ ही अट घालू नका. तुमचं दान तिथेच अडतं.