‘ईव्हिल’ला अशुभ म्हणावं की अनिष्ट?

प्रश्न असा आलाय : फलप्रामाण्यवादावरच्या (‘प्रॅग्मॅटिझम’, म्हणजे विचाराची पारख त्याच्या परिणामांवरून करणारं तत्त्वज्ञान) लेखात ‘प्रॉब्लेम ऑफ ईव्हिल’साठी, म्हणजे जगात दुःख नि वाईट का आहे या प्रश्नासाठी, ‘अशुभाची समस्या’ चालेल का? की ‘पापाची समस्या’ म्हणावं? आणि ‘मेलिओरिझम’ला काय म्हणावं?

पाप तर नकोच. पाप म्हटलं की पापी शोधणं आलं. अमेरिकी तत्त्वज्ञ विल्यम जेम्सने ‘प्रॅग्मॅटिझम’ या पुस्तकाच्या (१९०७) पहिल्याच व्याख्यानात जी बातमी उद्धृत केलीय, तिच्यात तो सापडत नाही. एका कारकुनाची आजारपणात नोकरी गेली. शिल्लक संपली. बर्फ उपसायच्या टोळीत काम मिळालं, पण अंगात त्राण नव्हतं. तासाभरात फावडं खाली ठेवावं लागलं. घरी बायको नि सहा मुलं उपाशी, दारावर घर खाली करण्याची नोटीस. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने जीव दिला. दुःखाविना विश्व परिपूर्ण होत नाही, असं सांगणाऱ्या तत्त्वज्ञांपुढे जेम्स ही बातमी ठेवतो.

‘अशुभ’ हिंदी पाठ्यपुस्तकांत रुळलाय खरा, पण मराठी कानाला त्यात मांजर आडवं गेल्याचा वास येतो. (कानाला वास, असो.) ‘दुरित’ पसायदानामुळे ओळखीचा आणि सुंदर आहे, पण आजच्या गद्यात तो सोवळं नेसून आल्यासारखा वाटेल.

माझं मत ‘अनिष्ट’ला. ‘इष्ट’ म्हणजे हवंसं, ‘अनिष्ट’ म्हणजे नकोसं. म्हणजे कुणाला तरी ते नको आहे, हे शब्दातच आलं. शिवाय मराठीत अनिष्टाचं समर्थन कुणी करत बसत नाही, ते घालवायचंच असतं. आपल्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या लांबलचक नावातही ‘अनिष्ट’ प्रथा आहेत आणि पुढे त्यांचं ‘समूळ उच्चाटन’ आहे. जेम्सच्याच परंपरेतला तत्त्वज्ञ जॉन ड्यूईही ‘रिकन्स्ट्रक्शन इन फिलॉसॉफी’त (१९२०) हेच म्हणतो : हा प्रश्न ईश्वरशास्त्राचा राहत नाही, जगण्यातली अनिष्टं कमी कशी करायची, जमतील तेवढी नाहीशी कशी करायची, असा व्यावहारिक होतो. कोलंबिया विद्यापीठात ड्यूईंच्या हाताखाली शिकलेल्या बाबासाहेबांनी ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये त्यांचं ऋण मोकळेपणाने मानलंय, तेव्हा हा विचार आपल्याला तसा परका नाही.

‘समस्या’ मात्र सरसकट वापरू नका. जर्मन तत्त्वज्ञ लाइब्निट्सपुढे होतं ते कोडं : देव चांगला आणि सर्वशक्तिमान, मग हे का? तिथे ‘अनिष्टाचं कोडं’ लिहा. जेम्स-ड्यूईंकडे ‘अनिष्टाची समस्या’.

राहिला ‘मेलिओरिझम’ : जग सुधारेलच असं नाही, सुधारणारच नाही असंही नाही, आपण हात लावला तर शक्य आहे. ‘सुधारणावाद’ लिहिलंत तर वाचक थेट आगरकरांकडे जाईल. त्यापेक्षा मूळ शब्दच ठेवून एकदा अर्थ सांगावा.